वसईचा नाताळ

नाताळ हा शब्द कानी पडला की आमच्या पिढीच्या शिक्षकांस प्रथम आठवते ती शाळेची सुट्टी. स्नेहसंमेलनाची धांदल आटोपलेली, वार्षिक परीक्षा अद्याप दूर आणि हवेत सुखद गारवा, अशा वेळी पदरात पडणाऱ्या त्या आठ-दहा दिवसांची वाट विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकही पाहात असत. परंतु ज्या सणाच्या नावाने ही सुट्टी मिळे, तो कोण साजरा करतो आणि कसा, ह्याची विचारपूस आपल्या घरांतून क्वचितच होई. नाताळ म्हणजे साहेबाचा सण. साहेब गेला, सुट्टी राहिली, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान असे.

वस्तुतः हा सण मराठी माणसांचाही आहे, आणि काही शतकांपासून आहे. ज्यांस हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी वसईस जावे. गेल्या नाताळात आम्ही सहकुटुंब तेथे तीन दिवस राहून आलो. आमच्या समवेत आमच्या वडील भगिनी आक्का, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडे होती. आमचे एक जुने व्यवसायबंधू, वसई तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक, ह्यांचे आमंत्रण कित्येक वर्षांचे होते. त्या प्रवासाची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल अशा समजुतीने लिहीत आहो.

मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या गाडीने वसई रोड स्थानकावर उतरावे आणि पश्चिमेची वाट धरावी. स्थानकाजवळ मुंबईसारखीच उंच इमारतींची दाटी आहे. परंतु समुद्राच्या बाजूने काही मैल गेले की प्रदेशाचा रंग पालटतो. केळीच्या बागा, नारळीची झाडे, विड्याच्या पानांचे मळे, फुलझाडांचे ताटवे, आणि प्रत्येक वाडीत एक बांधीव विहीर. येथील राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून जी सुकेळी करतात ती आगाशीची म्हणून प्रसिद्ध आहेत. गास, भुईगाव, गिरीज, निर्मळ, नंदाखाल अशी गावे एकामागून एक लागतात. निर्मळास शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर असून कार्तिकात तेथे मोठी यात्रा भरते. त्याच गावात चर्चही आहे. यात्रेच्या दिवसांत आणि नाताळात तोच रस्ता गजबजतो, दुकानेही बहुधा त्याच दुकानदारांची असतात.

इतिहासाची उजळणी केल्यावाचून वसई कळत नाही. गुजरातचा सुलतान बहादुरशहा ह्याने इ. स. १५३४ च्या डिसेंबरात वसई व तिचा आसमंत पोर्तुगीजांस तोडून दिला. पुढील दोनशे वर्षांत तेथे कोट, मठ, विद्यालये व चर्चे उभी राहिली. त्याच काळात देवळे पडली, धर्मांतरे झाली, आणि पुष्कळांना गाव सोडावे लागले, हेही तितकेच खरे. इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने पराक्रमाची शर्थ करून किल्ला घेतला. मराठी सत्ता आली, पोर्तुगीज व त्यांचे बहुतेक पाद्री निघून गेले. परंतु येथील ख्रिस्ती शेतकरी, माळी, कोळी आपल्या वाड्या सोडून कोठे जाणार? ते राहिले. गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी त्यांची उपासना चालू ठेवली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही ह्याच वसईत. एकाच गावात विजयाचीही आठवण आहे आणि पराधीनतेचीही.

आम्ही प्रथम किल्ला पाहिला. फ्रान्सिस्कन मठाच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांतील मृतांच्या कोरीव शिला बसविलेल्या आहेत. किल्ल्यात नागेश्वराचे मंदिर आहे, चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, आणि गोन्सालो गार्सिया ह्या संताच्या नावाचे चर्चही आहे. हा पुरुष वसईचाच. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याचा येथे जन्म झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे त्यास क्रुसावर मरण आले. रोमने इ. स. १८६२ मध्ये त्यास संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिलाच संत होय. नातवाने विचारले, "आजोबा, जपानात जाऊन आलेला हा वसईकर मराठी बोलत असेल का?" आम्ही उत्तर दिले की घरी त्याच्या कानांवर कोणती बोली पडली ते सांगता येणार नाही, परंतु ज्या वाड्यांमधून तो हिंडला असेल तेथे आजही मराठीच ऐकू येते.

किल्ल्याच्या हकीकतीत घंटांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वसईच्या मोहिमेनंतर तेथील चर्चच्या प्रचंड घंटा मराठे सरदारांनी घाटावर नेल्या आणि देवांस अर्पण केल्या. भीमाशंकरी एक आहे. वाईजवळील मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर एक आहे. तीवर मेरीमातेची बाळासह आकृती आणि १७०७ हा सनाचा आकडा आहे. नाशकातील नारोशंकराची घंटा तर आबालवृद्धांस ठाऊक आहे. ज्या घंटेने एके काळी नाताळची मध्यरात्र सांगितली असेल, ती आज महाशिवरात्रीस वाजते. युद्धात जिंकलेली वस्तू वितळवून तोफ करणे सोपे होते. त्या पुरुषांनी ती दुसऱ्या देवाच्या दारात टांगली. ह्यात विजयाचा अभिमान होता हे उघड आहे. पण देवाच्या वस्तूविषयीचा आदरही होता असे आम्हांस वाटते.

आता लोकांविषयी. उत्तर वसईतील ख्रिस्ती शेतकऱ्यांचा एक मोठा समाज स्वतःस सामवेदी किंवा कुपारी म्हणवितो. त्यांचे पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते अशी परंपरा आहे, आणि त्याच परिसरात हिंदू सामवेदी घरे आजही नांदत आहेत. दोघांची बोली एकच, तिला कादोडी म्हणतात. कुपारी हे नाव पोर्तुगीज 'कोम्पाद्रे' ह्या शब्दावरून आले असे सांगतात. त्याचा अर्थ बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेला सोयरा. वृद्ध स्त्रिया अजून सणासुदीस लाल चौकड्यांचे लुगडे नेसतात. आडनाव परेरा, डाबरे किंवा लोपीस. आणि बोलणे ऐकावे तर शेजारच्या नाईकांसारखेच.

पोर्तुगीजांनी दिलेले शब्द तर आपल्या सर्वांच्याच घरांत आहेत. चावी, बादली, परात, घमेले, पगार, लिलाव, बटाटा, कोबी, काजू, अननस आणि पेरू हे सारे त्यांच्याच गलबतांतून उतरले. खुद्द 'नाताळ' हा शब्दही त्यांचाच. त्याचे मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. त्या शब्दाचे प्राचीन रूप 'ग्नातुस', आणि ह्या 'ग्न'चे सख्खे भावंड म्हणजे आपला संस्कृत 'जन्' धातू. म्हणजे जन्माष्टमीतील जन्म आणि नाताळ हे शब्द एकाच कुळातील ठरतात. ही व्युत्पत्ती सांगताच आमचे यजमान हसून म्हणाले, "गुरुजी, आम्ही दोघे भाऊ आहोत हे सांगायला तुम्हांला एवढ्या लांबचा धातू शोधावा लागला!"

तिथीसंबंधी वाचकांच्या मनात प्रश्न येईल. येशूच्या जन्माची तारीख बायबलात दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेली आढळते; इ. स. ३५४ मध्ये सिद्ध झालेल्या एका रोमन पंजिकेत तिचा उल्लेख आहे. प्राचीन रोमन गणनेत हाच दक्षिणायन संपण्याचा दिवस मानला जाई. आपले खरे उत्तरायणही डिसेंबरच्या २१-२२ तारखेसच सुरू होते. संक्रांत अयनचलनामुळे पुढे सरकत जानेवारीच्या मध्यावर आली आहे. अंधार सरून दिवस वाढू लागण्याचा हा काळ दोन्हीकडे पवित्र मानला गेला, ह्यात नवल ते काय?

सणाची तयारी चार आठवडे आधी सुरू होते. त्या अवधीस आगमनकाळ म्हणतात. पर्णमालेत चार मेणबत्त्या लावलेल्या असतात, आणि दर रविवारी एकेक अधिक पेटविली जाते. मुले ताटलीत माती घालून गहू किंवा नाचणी पेरतात. आपल्याकडे घटस्थापनेस जसे धान्य रुजत घालतात तसेच हे दिसते. हेतू मात्र निराळा. ते कोवळे अंकुर म्हणजे बाळ येशूच्या गोठ्यापुढचे गवत. गोठा बांधण्याची चाल संत फ्रान्सिस ह्याने इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी सुरू केली असे सांगतात. वसईस तो गोठा भाताच्या पेंढ्याचा होतो. त्यात गाय, गाढव, मेंढ्या व मेंढपाळ मांडतात. शेजारी बांबूचा रहाट आणि लहानशी विहीर मांडणारी मुलेही आम्ही पाहिली. बेथलेहेमास रहाट होता किंवा नव्हता हा वाद मुलांपुढे कोण काढील? दारावर चांदणीच्या आकाराचा कंदील टांगतात. आमच्या नातीने तो पाहताच दिवाळीचा आकाशकंदील म्हणून टाळी पिटली, आणि तिला कोणी दुरुस्त केले नाही.

स्वयंपाकघरातील दृश्य तर आपल्या वाचकभगिनींस अगदी ओळखीचे वाटेल. करंज्या होत्या, नारळाच्या वड्या होत्या, पेरूचा घट्ट आटविलेला गोड पाक होता. कुलकुल नावाचा पदार्थ मात्र आमच्या मंडळींस नवा. मैद्याची गोड कणीक नारळाच्या रसात मळून तिची बोराएवढी गोळी करावी, ती स्वच्छ फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून शंखासारखी गुंडाळावी, आणि तळून घ्यावी. एकट्या बाईने करावयाचा हा पदार्थच नव्हे. सासू, सुना, लेकी, नातवंडे, शेजारणी अशा साऱ्या परातीभोवती बसतात, आणि दोन-तीन तासांत डबे भरतात. आमची सूनबाईही त्यांच्यात जाऊन बसली. यजमानीणबाईंनी आमच्यासाठी अंडे न घातलेला केक वेगळा भाजला होता.

आक्कांचे सोवळे कडक आहे. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. दुसऱ्याच्या घरचे शिजविलेले त्या घेत नाहीत, आणि हे आम्ही आधीच कळविले होते. यजमानीणबाईंनी त्यांच्यासमोर पितळी ताटात वाडीतला नारळ, राजेळी केळी आणि सुकेळी ठेवली, व म्हणाल्या, "आक्का, ह्यांना आमचा हात फक्त तोडण्यापुरता लागला आहे. उन्हाने पिकवलंय, उन्हानेच वाळवलंय." आक्का क्षणभर गप्प राहिल्या, मग त्यांनी एक सुकेळे उचलून तोंडात टाकले. कोणी कोणास उपदेश केला नाही, कोणी आपला नेमही मोडला नाही.

चोवीस तारखेस रात्री आम्ही चर्चमध्ये गेलो. वाडीवाडीतून लोक पायी येत होते. पूर्वी ही उपासना लॅटिनमध्ये चाले, इ. स. १९६२ ते १९६५ ह्या काळात रोम येथे भरलेल्या धर्मपरिषदेनंतर लोकभाषांस वाव मिळाला, आणि वसईस मराठी वेदीपर्यंत पोचली. गीतांस पेटी व तबल्याची साथ होती. शेतात राखण करणाऱ्या मेंढपाळांस प्रथम वार्ता कळली हा वृत्तान्त शुद्ध, सोप्या मराठीत वाचला गेला. मध्यरात्री घंटा झाली, बाळाची लहान मूर्ती गव्हाणीत ठेवली गेली, आणि सर्वजण ओळीने दर्शनास निघाले. आक्का बाहेर मंडपात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "पाळणा म्हणत नाहीत का हो तुमच्यात?" जवळच्या एका वृद्धेने सांगितले की म्हणतात, आणि आपल्या बोलीतले एक अंगाईगीत हळू आवाजात ऐकविले. रामनवमीस दुपारी बारा वाजता ज्या सुरात आक्का पाळणा म्हणतात, त्याहून तो सूर फार दूर नव्हता.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आमच्या यजमानांची वाडी व त्यांच्या धाकट्या बंधूंची वाडी लागून आहेत. मध्ये वडिलार्जित विहीर. वाटणीच्या वेळी विहिरीच्या हिश्श्यावरून तेढ पडली, पुढे धाकट्यांनी जमिनीचा तुकडा विकावयास काढला, आणि दोन घरांमध्ये सहा वर्षे बोलणे बंद होते. नाताळपूर्वी पापनिवेदन करून मन मोकळे करावे, वैर मिटवावे, असा त्यांच्या धर्माचा दंडक आहे. परंतु दंडक असणे निराळे आणि तो पाळणे निराळे. पंचवीस तारखेच्या सकाळी, पानांवर खाऊ मांडण्याची गडबड चालू असता, धाकट्या घरची एक सात-आठ वर्षांची मुलगी रुमालाने झाकलेले ताट घेऊन दारात उभी राहिली. घरात एकदम शांतता पसरली. यजमानीणबाईंनी ताट घेतले, करंज्या काढून ठेवल्या, ताट धुऊन पुसले, त्यात आपल्या घरचे कुलकुल भरले आणि मुलीच्या हाती दिले. यजमान काही बोलले नाहीत. दुपारी जेवणापूर्वी मात्र ते पायांत वहाणा घालून विहिरीच्या बाजूने पलीकडे गेले, आणि अर्ध्या तासाने परत आले. विहिरीचा निकाल काय लागला हे आम्ही विचारले नाही. तो बहुधा लागलाही नसेल. पण ताट रिकामे परत धाडू नये ही आपली जुनी रीत किती दूरदृष्टीची आहे, हे आम्हांस त्या दिवशी पुन्हा पटले. भरलेले ताट गेले की ते परत आणावयास कोणास तरी यावेच लागते.

असेच ताट हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांकडेही जाते, आणि दिवाळीस, ईदेस भरून परत येते. आजारी माणसांकडे तरुणांची टोळी गीते म्हणत जाते. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे गोडधोड कमी करतात. मग शेजारीच तेथे खाऊ पोचवितात. सण म्हणजे केवळ आपल्या घरातला आनंद नव्हे, ही समजूत तेथे अजून जागी आहे.

मराठी भाषेचे ह्या समाजांशी असलेले नाते आपण विसरता कामा नये. फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आला, मराठी शिकला, आणि इ. स. १६१६ मध्ये त्याचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे क्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले. नगरकडील मराठी ख्रिस्ती समाज निराळ्या पंथाचा. तेथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने नाताळात आजही गातात. टिळक चित्पावन ब्राह्मण, इ. स. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसारावर जो आघात झाला, तो त्यांच्या स्मृतिचित्रांच्या वाचकांस सांगावयास नको. आपल्या समाजास त्या घटनेची कळ पुष्कळ काळ जाणवत राहिली. तरी त्याच लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन पुढे पूर्ण केले. वसईचे पहिले धर्माध्यक्ष बिशप टॉमस डाबरे ह्यांचा प्रबंध संत तुकारामांवर आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इ. स. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. त्यांनी केवळ लेखन केले नाही. हरित वसईच्या चळवळीत ते पुढे होते.

त्या चळवळीचे कारण आजही डोळ्यांपुढे आहे. महानगर वाढत आले. वाड्या विकल्या जात आहेत, विहिरींचे पाणी टँकरांनी उपसले गेले, आणि समुद्राकाठच्या विहिरींस खारट पाणी लागण्याची भीती शेतकरी बोलून दाखवितात. तरुण मंडळी शिक्षणाने पुढे गेली, कोणी आखाती देशांत, कोणी कॅनडात स्थायिक झाली. आमच्या यजमानांचे दोन्ही पुत्र परदेशी आहेत. नाताळच्या रात्री ते दूरध्वनीच्या पडद्यावर दिसले. नातवंडे आजीशी इंग्रजीत बोलली, आणि आजीने कादोडीतच उत्तर दिले. हे चित्र पुण्या-मुंबईच्या आपल्या घरांत काय निराळे आहे? परातीभोवती बसावयास माणसेच नसतील तर कुलकुल बाजारातून आणावे लागतील, आणि चकल्याही. रहाट केवळ गोठ्याच्या देखाव्यात उरेल. सण टिकविणे म्हणजे प्रथम माणसे, पाणी आणि बोली टिकविणे होय. हे वसईने आम्हांस जसे स्पष्ट दाखविले, तसे कोणत्याही व्याख्यानाने दाखविले नव्हते.

शेवटी थोड्या व्यावहारिक सूचना. वसईस नाताळात जावयाचे तर तमाशा पाहावयास गेल्यासारखे जाऊ नये. ओळखीचे घर असेल तर आधी कळवून जावे. नसेल तर दिवसा गोठे पाहावे, किल्ला व निर्मळ पाहावे, आणि उपासना चालू असता मागील बाजूस शांतपणे बसावे. विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत. आपला आहारनेम संकोच न करता सांगावा. तेथील माणसे तो आनंदाने सांभाळतात. मुलांस किल्ल्याचा इतिहास सांगताना चिमाजी अप्पांचा पराक्रम सांगावा, देवळांचे दुःखही सांगावे, आणि त्यानंतर तेथेच राहिलेल्या माणसांच्या घरी त्यांस घेऊन जावे. त्यांपैकी एकच भाग सांगितला तर इतिहास अपुरा राहील.

आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. आमच्या मंडळींनी तिळाच्या वड्या व मेतकूट नेले होते. येताना डबा कुलकुलांनी भरून आला. तो डबा आता फळीवर आहे. येत्या दिवाळीस चिवडा-लाडवांनी भरून तो वसईस पोचता करावयाचा, असे आक्कांनी बजावून ठेवले आहे.